घाम आपला, मग हिस्साही आपला

(गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्या आणि बचत गटांच्या प्रतिनिधी यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडे संक्षिप्त केले आहे.)



पत्रिकेवर माझा विषय छापला आहे ‘हवामान बदल आणि लोकसहभाग’. दोन्ही शब्द जड आहेत. असे शब्द कानावर पडले की बाई गप्प बसते. हे शिकलेल्यांचं काम, आपण चहापाण्याचं बघू, असं तिला वाटतं. म्हणून आधी हे दोन्ही शब्द उचलून आपल्या अंगणात आणू.

हवामान बदल म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. मृगात पेरलं आणि आर्द्रात पावसानं दडी मारली, की दुबार पेरणीसाठी कुणाच्या कानातलं गहाण पडतं ते तुम्हाला माहीत आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हाताशी आलेला गहू-हरभरा गारपिटीनं झोपवला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी न्यावं लागलं. आणि त्याच मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नद्या गावात शिरल्या, पिकांबरोबर शेतातली मातीही वाहून गेली. नोंदी ठेवायला लागल्यापासून २०२४ इतकं उष्ण वर्ष जगानं पाहिलेलं नव्हतं. पाऊस कमी झाला एवढंच हे दुखणं नाही. त्याचा भरवसा गेला, हे खरं दुखणं आहे.

आणि हा भरवसा गेला की त्याची किंमत घरात कोण मोजतं? विहीर आटली तर पुरुष म्हणतो, ‘टँकर येईल.’ टँकर येईपर्यंत हंडा कुणाच्या डोक्यावर? पीक गेलं तर घर कोयता उचलतं आणि ऊसतोडीला जातं. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल त्याच्या हातात पडते. पाळी आली, पोटात दुखलं म्हणून खाडा केला तर दंड कापला जातो. २०१९ साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. आकाशातल्या पावसाचा आणि बाईच्या पिशवीचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर हा आकडा सांगा.

हे ऐकून मन खचतं. पण मी आज खचवायला आलेले नाही. आपल्याच राज्यात लोकांनी एकत्र येऊन पाणी साठवलं, जंगल राखलं, बियाणं वाचवलं. ते टिकलं, त्यातून पोटं भरली. त्यातली काही उदाहरणं मला तुमच्यापुढे ठेवायची आहेत. फक्त ती ठेवताना मी एक प्रश्न हातात धरणार आहे: या कामात घाम कुणाचा, आणि हिस्सा कुणाचा?

‘गाव’ म्हणजे कोण?

लोकसहभाग हा दुसरा जड शब्द. ‘गावानं ठरवलं’, ‘गावानं श्रमदान केलं’ असं आपण ऐकतो. पण गाव म्हणजे कोण? श्रमदानाचे फोटो काढा. पाट्या कुणाच्या डोक्यावर दिसतात? बायकांच्या. त्याच कामाच्या समितीचा फोटो काढा. खुर्च्यांवर कोण दिसतं?

आदर्श गावांच्या कामात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान अशी पाच सूत्रं सांगितली गेली. नशाबंदीसाठी तर बायका स्वतः रस्त्यावर उतरल्या. पण चराईबंदी म्हणजे काय? ज्याचं शेत आहे त्याच्या बांधावर गवत आहे. जिच्याकडे फक्त दोन शेळ्या आहेत आणि गावाचं माळरान आहे, तिचं रान बंद होतं. कुऱ्हाडबंदी म्हणजे काय? गॅस परवडणाऱ्याला फरक पडत नाही, सरपण आणणारीला दोन कोस जास्त चालावं लागतं. आणि नसबंदी म्हटलं की आपल्याकडे ऑपरेशनच्या टेबलावर बहुतेक बाईच असते. हे नियम वाईट होते असं मी म्हणत नाही. माळ हिरवा झाला की चारा वाढतो, विहिरीला पाणी येतं, हे खरंच आहे. पण तो चारा कापून न्यायचा पहिला हक्क शेळीवालीचा, असं त्याच ठरावात लिहिलं गेलं का? ठराव झाला तेव्हा ती सभेत होती का? जिथे ती होती तिथे नियम टिकले. जिथे नव्हती तिथे ती रात्री चोरून चारत राहिली आणि गाव तिला चोर म्हणत राहिलं.

पाणी जमिनीचं नाही, माणसांचं

आता पुरंदरची गोष्ट ऐका. १९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या वयस्कर बायकांना आठवत असेल. लाखो माणसं खडी फोडत होती, त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. त्या दुष्काळात पुण्याचे एक इंजिनियर, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात फिरले. दुष्काळी कामावर रस्ते आणि खडीच का, पाणी अडवायची कामं का नाहीत, असा प्रश्न त्यांनी विचारला. नायगावला देवस्थानची ४० एकर पडीक जमीन त्यांनी ५० वर्षांच्या करारानं घेतली. पत्नी कल्पनाताईंसह तिथेच राहून उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, विहीर खोदली आणि तो माळ पिकवून दाखवला. १९७४ मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठान सुरू झालं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

पाणी अडवणारे पुष्कळ झाले. साळुंख्यांचं वेगळेपण त्यांनी केलेल्या वाटपात आहे. त्यांचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या मापानं मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येनं मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. पन्नास एकरवाल्यालाही तेवढंच. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. त्यानं दुसऱ्याची जमीन वाट्यानं करावी. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकता येणार नाही. ऊस लावायचा नाही, कारण एकाचा ऊस म्हणजे दहाजणांची ज्वारी. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा आधी आपण भरायचा, म्हणजे योजना सरकारची राहत नाही, आपली होते.

बायांनो, या पहिल्या नियमात काय आहे ते नीट बघा. सातबाऱ्यावर बाई नसते. पण माणसं मोजली तर ती मोजावीच लागते. सासू मोजली जाते, सून मोजली जाते, पाळण्यातली मुलगीही अर्ध्या एकराचं पाणी घेऊन येते. मुलगी म्हणजे खर्च असं मानणाऱ्या समाजात हा नियम केवढा मोठा आहे!

याच वाटेनं सांगली जिल्ह्यातली बळवडी आणि तांदुळवाडी ही गावं गेली. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि नदी कोरडी पडत होती. लोकांनी संघर्ष केला. आपल्याच नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा केला आणि ऐंशीच्या दशकात बळीराजा धरण बांधलं. तिथेही आग्रह हाच होता की पाणी घराघराला सारखं, जमीन असो वा नसो.

पण इथे थांबून आपल्याला आणखी एक पाऊल पुढे जावं लागेल. माणसं मोजून पाणी मिळालं, तरी ते कुटुंबाच्या नावानं मिळतं, आणि कुटुंबप्रमुख म्हणून सही कुणाची होते? बाई घरातून हाकलली गेली तर तिच्या वाट्याचं पाणी तिच्याबरोबर माहेरी जातं का? परित्यक्ता बहिणींच्या सभांमधून आपण वर्षानुवर्षं हेच विचारत आलो. जमीन विकली तरी पाणी जात नाही, असा नियम होऊ शकतो. मग नवऱ्यानं टाकली तरी तिच्या वाट्याचं पाणी जात नाही, असाही नियम होऊ शकतो. पहिला नियम माणसांनीच केला. दुसरा आपण करू.

एक एकर माझ्या मर्जीनं

दुसरं उदाहरण मराठवाड्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात घरं पुन्हा उभी करताना बायकांचे गट तयार झाले. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना धरून काम केलं. पुढे दुष्काळ पाठीमागून दुष्काळ येऊ लागला तेव्हा या बायकांनी शेतीचा हिशोब मांडला. घरातलं सगळं रान सोयाबीन नाही तर उसाखाली. पैसा आला तर एकदम, गेला तर एकदम. आणि भाजी, डाळ विकत. मग घरात बोलणी करायची: सगळं रान नको, अर्धा एकर द्या, एक एकर द्या. तिथे काय पेरायचं ते मी ठरवीन.

त्या एका एकरात त्या भाज्या लावतात, तूर-मूग-उडीद पेरतात, ज्वारी-बाजरी घेतात. गांडूळखत घरचं, फवारणीचं औषध शेण-गोमूत्र-पाल्याचं. आधी घरच्या ताटासाठी, उरलं तर बाजाराला. यात शास्त्र आहे. दहा पिकं असली तर एका पावसात दोन मरतात, आठ उभी राहतात. कमी पाण्याची पिकं असली तर विहिरीच्या तळातलं पाणीही पुरतं. शेणखतानं माती भुसभुशीत झाली की ती ओल धरून ठेवते. आपल्या आज्या मिसळून पेरत होत्या, ते मागासलेपण नव्हतं, तो विमा होता. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

तसंच बियाण्याचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. शाळेत न गेलेली ही आदिवासी बाई. घरातली पोरं आजारी पडू लागली, तेव्हा आपण खातो त्यातच काही बिघडलंय असं तिनं ओळखलं आणि गावरान बियाणं जमवायला सुरुवात केली. वालाचे, भाताचे, भाज्यांचे कितीतरी वाण तिनं राखेत, मडक्यात जपले. बायफच्या मदतीनं बियाणे बँक उभी राहिली. २०२० साली तिला पद्मश्री जाहीर झाली. गावरान वाण कमी-जास्त पाऊस सोसतं, आणि त्याचं बी पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं. दुबार पेरणीची वेळ आली तर दुकानदाराकडे हात पसरावा लागत नाही. बी निवडणं, वाळवणं, ठेवणं हे काम पिढ्यानपिढ्या बायकांनीच केलं, पण कृषी प्रदर्शनात ‘शेतकरी’ म्हणून सत्कार मात्र पुरुषाचा झाला. राहीबाईच्या सत्कारानं हे थोडं सरळ झालं.

पण तोच प्रश्न इथेही विचारू. तो एक एकर तिचा आहे का? नाही. तो तिला दिलेला आहे, म्हणजे परत घेता येतो. तिनं तीन वर्षं शेणखत घालून माती सुधारली आणि चौथ्या वर्षी दीर म्हणाला, ‘आता इथे ऊस लावू,’ तर? देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत शंभर शेतकऱ्यांमागे जेमतेम चौदा बायका मोजल्या गेल्या. गारपिटीची भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाच्या खात्यात जाते. राबणारीच्या खात्यात नाही. म्हणून १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला, तेव्हा ज्या गावात शंभर घरांनी बाईच्या नावावर जमीन केली, त्या गावाचा गौरव होत असे. तो कार्यक्रम विझू द्यायला नको होता. हवामान बदलाच्या काळात तो पुन्हा पेटवायला हवा. माती सुधारायला वर्षं लागतात. उद्याची खात्री असेल तोच मातीत वर्षं घालतो.

जंगल राखणाऱ्यांचं

तिसरं उदाहरण गडचिरोलीचं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तुम्ही ऐकली असतील. या गावात ठराव बहुमतानं होत नाहीत, सर्वांच्या संमतीनं होतात. याचा अर्थ लक्षात घ्या. बहुमत असलं की दहा बायकांचं म्हणणं बाजूला सारता येतं. सर्वसहमती असली की एक बाईसुद्धा ‘मला पटत नाही’ म्हणाली तर सगळ्यांना थांबावं लागतं.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी वनखातं बांबूचा वाहतूक परवाना द्यायला तयार नव्हतं. गावानं नेट धरला आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तोवर ज्या जंगलातला बांबू कागद कारखान्याला जात होता, तो ग्रामसभा स्वतः विकू लागली. जंगल आपलं झाल्यावर त्याला वणवा लागू न देणं, किती तोडायचं, कुठे तोडायचं नाही, हेही सभेत ठरू लागलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये असाच हक्क मिळाला. त्या गावानं तेंदूपानं तोडायचंच बंद केलं. तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, मग फळ धरत नाही. रोख पैसा सोडून गावानं झाड निवडलं, आणि बांबूच्या कामावर घरं चालवली. कोरची तालुक्यात अनेक ग्रामसभा एकत्र येऊन महाग्रामसभा झाली. बायका तिथे प्रतिनिधी म्हणून बसतात आणि खाणींना विरोध करण्यात पुढे आहेत. जंगल उभं राहिलं तर हवेतला कार्बन धरून ठेवतं, असं शास्त्रज्ञ सांगतात. बाईला ते मोहफूल, चारोळी, रानभाजी, सरपण या रूपात माहीत असतं. दोन्ही एकाच झाडाच्या गोष्टी आहेत.

या कायद्यात आपल्यासाठी काय आहे ते पाठ करा. लग्न झालेल्यांना वैयक्तिक हक्क मिळतो तो नवरा-बायको दोघांच्या नावानं. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. हे कुणाच्या मेहेरबानीनं आलेलं नाही. आदिवासी भागातल्या स्त्री-पुरुषांनी मोर्चे काढले म्हणून आलं.

धूर कुणाचा?

आता कुणी म्हणेल, आम्ही तळी खोदायची, झाडं राखायची, आणि धूर सोडणारे मोकळे? प्रश्न रास्त आहे. पाचगाव ज्या जिल्ह्यात आहे, त्याच चंद्रपुरात २९२० मेगावॅटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे. तिथून थेट मुंबईच्या दारापर्यंत, पडघ्यापर्यंत, वीज वाहून नेणारी मोठी वाहिनी गेली. राख आणि धूर चंद्रपूरला, उजेड शहराला. गावांनी कितीही झाडं राखली तरी कोळसा जाळणं कमी झाल्याशिवाय हे दुखणं बरं होणार नाही. तेव्हा गावाच्या चांगुलपणावर सगळं ओझं टाकून सरकारनं आणि कारखानदारांनी हात झटकायचे, हे आपण चालू देणार नाही. पण ते सुधारतील तेव्हा सुधारतील, तोवर हात बांधूनही बसता येत नाही. आणि मेंढ्यानं हेही दाखवलं आहे की ज्या गावाला आपल्या सभेत बोलायची सवय लागते, ते गाव मंत्र्यालाही दारात आणू शकतं.

परत गेल्यावर काय?

भाषण ऐकून टाळ्या वाजवून जाऊ नका. आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो की ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घेतली पाहिजे. किती गावांत ती होते? पुष्कळ ठिकाणी रजिस्टर घरी येतं, अंगठे उठतात, सभा झाली. परत गेल्यावर पहिलं काम हे: पुढच्या महिला सभेचं रजिस्टर घरी सही करायचं नाही. सभा भरवायची.

त्या सभेत गावात चाललेलं किंवा येऊ घातलेलं एक काम घ्या. तलावाचं असो, वृक्षलागवडीचं असो, बंधाऱ्याचं असो. आणि विचारा: पाणी मुरणार ते कुणाच्या विहिरीत? जमीन नसलेलीला काय मिळणार? ज्या रानात चराई बंद होणार तिथला चारा कोण कापणार? समितीत बायका किती, आणि त्या सरपंचांच्या, पाटलांच्या घरातल्याच आहेत की मागासवर्गीय वस्तीतल्या, पारधी पालावरच्याही आहेत? घरातून बाहेर पडलेल्या बाईचा वाटा राहणार का? उत्तर जे येईल ते ठरावात लिहून घ्या आणि ठरावाची नक्कल मागा. बोलणं हवेत विरतं, नक्कल पेटीत राहते.

आणि दुसरं काम घरातलं. एक एकर नाही तर अर्धा, अर्धा नाही तर परसातले चार वाफे, पण तिथे काय पेरायचं ते तुम्ही ठरवा. मग त्या तुकड्यावर नाव लावून घ्यायची बोलणी सुरू करा. हे दुसरं भांडण पहिल्यापेक्षा अवघड आहे, कारण ते सरपंचाशी नाही, आपल्याच माणसाशी आहे. म्हणून ते एकटीनं करू नका. गटानं मिळून घरोघर जा.

पाऊस आपल्या हातात नाही. पण पडलेला पाऊस कुठे थांबेल, कुणाच्या वाट्याला येईल, हे माणसांच्या सभेत ठरतं. त्या सभेत जाऊन बसायचं, आणि बसल्यावर बोलायचं.

जेवणानंतर आपण तालुक्याप्रमाणे गट करणार आहोत. प्रत्येक गटानं आपल्या एका गावाचं एक काम निवडावं आणि हे सगळे प्रश्न त्याला लावून बघावेत. संध्याकाळी ते इथे मांडायचं आहे, आणि मांडताना ज्या आजवर कधीच बोलल्या नाहीत त्यांनी आधी बोलायचं आहे.